पाठीमागे नाव लिहून ठेवा
(गणेशोत्सवातील भाषण)



आम्ही तीन-चार मित्र गेली काही वर्षे कुस्तीच्या मैदानांची पत्रके, तिकिटे आणि पैलवानांचे जुने फोटो गोळा करतो. घरची मंडळी त्याला रद्दी म्हणतात, आणि त्यांचे फारसे चुकत नाही!

जपानात हा छंद जुना आहे. तिथल्या सुमो पैलवानांची चित्रे पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यांवर छापत. त्यांना ‘मेन्को’ म्हणतात. एकाने आपला मेन्को जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्याने आपला त्याच्याजवळ जोरात आपटायचा. खालचा उलटला की जिंकला. फुताबायामा नावाच्या पैलवानाने १९३६ ते १९३९ या काळात सलग ६९ कुस्त्या जिंकल्या. अशा पैलवानांचे मेन्को आपटून आपटून पोरांनी झिजवले. आज संग्राहक कोरे करकरीत शोधतात. आम्हाला विचाराल तर झिजलेलाच खरा. तो कुणाच्या तरी खिशात राहिलेला असतो.

आपल्याकडे पैलवानांचे पत्ते नव्हते, पत्रके होती. डाव्या-उजव्या बाजूला दोन पैलवानांचे फोटो, मध्ये ‘नंबर एकची कुस्ती’, खाली वस्तादांची, तालमींची नावे. शाहू महाराजांचे कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ सालचे. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे तर आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातले, एकसंब्याचे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर या दोघांनीही सुवर्णपदके आणली. आणि १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना मिळाले होते. ही मोठी नावे कुठेही सापडतात. आमची काळजी बाकीच्यांची आहे.

कारण पत्रक कुस्तीच्या आधी छापतात. त्यावर जोड असते, निकाल नसतो. आमच्याकडच्या एका पत्रकावर वार आहे, तारीख आहे, पण साल नाही. कोण चितपट झाला, कुस्ती बरोबरीत सुटली का, हे फक्त बघणाऱ्याला ठाऊक.

इथल्याच एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांकडे आम्ही असे एक पत्रक घेऊन गेलो. चष्मा पुसून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “हा डावीकडचा हरला. पण त्या दिवशी लोकांनी खांद्यावर घेतला तो यालाच.” आणखी बावीस पत्रके दाखवायची होती. म्हटले, पाऊस उघडला की जाऊ. कॅसलरॉकचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तो उघडला तेव्हा आजोबा राहिले नव्हते. ती बावीस पत्रके अजून आमच्या पेटीत आहेत. त्यावरचे चेहरे आमच्याकडे बघतात आणि आम्ही त्यांच्याकडे.

म्हणून आज वर्गणी मागत नाही, एवढेच मागतो. घरी ट्रंकेत, देवघराच्या फळीवर जुना फोटो किंवा पत्रक असेल तर बाहेर काढा. चिकटपट्टी लावू नका, त्याने कागद पिवळा पडतो. ओल लागू देऊ नका. आपल्याकडे बुरशी धरायला एक आषाढ पुरतो. आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसून, मऊ पेन्सिलीने, पाठीमागे हलक्या हाताने लिहा: हा कोण, गाव कुठले, साल कोणते, काय झाले.

कागद आम्हाला दिला नाहीत तरी चालेल. पण हे काम दसऱ्यावर टाकू नका, विसर्जनाच्या आधीच करा. आम्ही एकदा थांबलो होतो.

गणपती बाप्पा मोरया!