प्रश्न विचारणारे पत्र : विद्यार्थी व ऑनलाइन संपर्काची साधने
(केंद्रातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



खेड्यातील मुलांना मोबाइल फोन वापरता येतो की नाही, हा प्रश्न आता शाळेपुढे फारसा उरलेला नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींची माहिती दिलेली आहे. त्यांपैकी शेकडा ८२ जणांना स्मार्टफोन हाताळता येतो. ज्यांना तो हाताळता येतो, त्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शेकडा ५७ जणांनी तो अभ्यासासाठी, तर शेकडा ७६ जणांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. हे आकडे वाचून मुलांना दोष देणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः सायकल चालविता येणे निराळे आणि रहदारीच्या रस्त्याने ती नेता येणे निराळे. मुलांच्या हाती साधन आले. परंतु त्या साधनाने शिक्षकाशी, सहाध्यायाशी किंवा एखाद्या कार्यालयाशी कसे बोलावे, हे त्यांस कोणी शिकविले आहे काय, याचा विचार प्रथम व्हावयास हवा.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने राज्यात अभ्यासमाला पाठविण्यात येऊ लागली, आणि वर्गावर्गांचे व्हॉट्सॲप गट उभे राहिले. ग्रामीण भागातील सर्वांत लहान मुलांचे वर्ग पुन्हा भरण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात शिक्षकांनी केलेले श्रम थोडे नव्हते. कित्येकांनी ओट्यावर, देवळाच्या मंडपात, झाडाखाली चारचार मुले बसवून शिकविले. तथापि त्या गटांवरून जो व्यवहार झाला, त्याचे स्वरूप नीट पाहिले तर तो बहुतांशी एकाच दिशेने झालेला दिसतो. वरून स्वाध्याय आला, खालून वहीच्या पानाचे छायाचित्र गेले. वरून सूचना आली, खालून 'हो सर', 'ओके मॅडम' किंवा अंगठ्याचे चित्र गेले. वर्गात हात वर करून 'बाई, हे समजले नाही' म्हणणारा मुलगा गटावर मात्र गप्प राहिला. याचे कारण तो आळशी होता हे नव्हे. न दिसणाऱ्या माणसाला आपली अडचण लिहून कशी सांगावी, ही विद्या त्याच्यापाशी नव्हती. ती शाळेने दिली पाहिजे, आणि भाषेच्या तासालाच दिली पाहिजे.

हे काम माध्यमिक शाळेचे आहे, असे काहींचे मत आहे. परंतु इयत्ता अकरावीचे प्रवेश २०२५-२६ या वर्षापासून सबंध राज्यात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. म्हणजे दहावी होताच खेड्यातील मुलाला नोंदणी, पसंतिक्रम, आलेल्या संदेशाचा अर्थ लावणे आणि मुदतीत उत्तर देणे, हे सर्व करावे लागते. आज पाचवीच्या नवोदय परीक्षेचा अर्जही ऑनलाइनच भरला जातो. पालक बाजाराच्या गावी जाऊन सेवा केंद्रात अर्ज भरून घेतात. घाईत तेथे पालकाऐवजी भरणाऱ्याचाच मोबाइल क्रमांक नोंदविला गेला, तर पुढचे सर्व संदेश दुकानात जातात आणि घरी काहीच कळत नाही. मुलगा हुशार असूनही दाराबाहेर राहतो, तो असा. ज्या मुलाला सहावी-सातवीत स्वतःचा संदेश लिहिण्याची व आलेला संदेश शेवटपर्यंत वाचण्याची सवय लागली आहे, तो निदान 'क्रमांक कोणाचा घातला?' एवढे तरी त्या टेबलापाशी उभा राहून विचारील.

तेव्हा प्रारंभ कोठून करावा? यंत्रापासून नव्हे; प्रश्नापासून करावा. एक उदाहरण घेऊ. सहावीच्या मुलाने अपूर्णांकांची बेरीज करताना अडल्यावर गटावर लिहिले : 'सर ५ वे नाही आले'. हा संदेश वाचून शिक्षकास काय कळावे? कोणाचे, कोणत्या पानावरील, कोठपर्यंत आले आणि कोठे अडले? शिक्षक सबंध उदाहरण सोडवून त्याचे छायाचित्र पाठवितो, मुलगा ते उतरवून घेतो आणि दोघांच्याही मते काम संपते. आता तोच मुलगा असे लिहू लागला तर पहावे : 'नमस्कार सर. मी सहावीतला, हजेरी क्रमांक १२. पाचव्या उदाहरणात छेद ४ व ६ आहेत. मी समान छेद २४ घेतला. पुस्तकात १२ घेतला आहे. २४ घेतला तर चालते का?' या चार-पाच ओळी लिहिण्यासाठी त्याला आपले उदाहरण पुन्हा पहावे लागले, आपण काय केले हे ओळखावे लागले, आणि पुस्तकातील रीत आपल्या रीतीशी ताडून पहावी लागली. अर्धे उत्तर त्याने स्वतःच मिळविले. शिक्षकाचे उत्तरही मग लहान आणि नेमके होते : 'चालते. शेवटी उत्तराला अतिसंक्षिप्त रूप दे. मग दोन्ही उत्तरे सारखीच येतात का ते पाहा.' पत्रलेखनाच्या पाठात मायना, विषय, मजकूर व नाव असा जो क्रम वर्षानुवर्षे शिकविला जातो, तोच येथे कामी येतो. फरक इतकाच, की परीक्षेतील पत्र कोणालाही पोचत नाही, आणि हे पोचते.

या अभ्यासाला आरंभी फोनचीही गरज नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या कराव्यात. एका बाकावरील मुलाने दुसऱ्या बाकावरील मुलास, न बोलता, चिठ्ठीवर लिहून प्रश्न विचारावा. ज्याला चिठ्ठी मिळाली त्याने उत्तर लिहावे, किंवा समजत नसेल तर 'तुला नेमके काय हवे आहे?' असे उलट विचारावे. पहिल्या दिवशी निम्म्या चिठ्ठ्या उलट येतील. त्याच फळ्यावर लिहून वर्गाने दुरुस्त कराव्यात. नाव मात्र पुसून लिहाव्यात, नाहीतर ज्याची चिठ्ठी फळ्यावर गेली तो पुन्हा प्रश्न विचारणार नाही. आठवडाभरात मुलांना कळून येते की, समोरचा माणूस चेहरा पाहत नाही, हातवारे पाहत नाही, तेव्हा जे सांगावयाचे ते शब्दांतच आले पाहिजे. येथवर आले की मग फोन हाती द्यावा.

फोनवरील खुणांचा अर्थही मुलांना सांगावा लागतो. व्हॉट्सॲपवर संदेशापुढे एक टिकली दिसली तर तो येथून निघाला; दोन करड्या टिकल्या दिसल्या तर समोरच्याच्या फोनवर पोचला; त्याच दोन निळ्या झाल्या तर वाचला गेला. पूर्वी रजिस्टर पत्राची पोच सहीनिशी परत येत असे, तसलाच हा प्रकार. परंतु सर्व मुले सारखा अर्थ घेत नाहीत. 'सरांनी वाचले, पण उत्तर दिले नाही, म्हणजे सर रागावले' अशी समजूत करून घेणारी मुले असतात. निळी टिकली म्हणजे उत्तर नव्हे, आणि ती न दिसणे म्हणजे दुर्लक्षही नव्हे, कारण काहीजण ही खूण बंद करून ठेवतात, हे स्पष्ट सांगितलेले बरे. त्याहून बरे म्हणजे शिक्षकाने आपली वेळ ठरवून द्यावी : सायंकाळी सहा ते सात या वेळात उत्तरे मिळतील. त्या वेळेला शिक्षकाने उत्तर दिलेच पाहिजे. ज्या गटावर प्रश्नाला उत्तर येत नाही, त्या गटावर पंधरा दिवसांनी प्रश्नही येत नाहीत. केवळ सुप्रभाताची फुले येतात. (माहितीचे तक्ते 'आज दुपारपर्यंत' मागविणारे जे गट शिक्षकांच्या नशिबी आहेत, त्यांचा विचार या भाषणाच्या कक्षेबाहेरचा आहे.)

ईमेल हे साधन मुलांना जुनाट वाटते. ते आहेही जुने. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर असे पत्र पाठविले आणि पत्त्यात माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह घातले. ते आजतागायत चालू आहे. शाळा, बँका, विद्यापीठे यांचा व्यवहार पुष्कळसा ईमेलनेच होतो, यास्तव सातवीच्या मुलाने एखादे ईमेल लिहिलेले असावे. त्यातील 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी. शिक्षकांस हे समजाविणे नलगे. कार्यालयीन पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीस्तव' असते, तीच ही. 'बीसीसी'मध्ये ज्याचे नाव घालावे त्यास प्रत मिळते, परंतु इतरांस ती गेल्याचे दिसत नाही. विषयाची ओळ रिकामी ठेवू नये, एवढी एकच गोष्ट मुलाने पक्की केली तरी पुरे.

देवनागरीत लिहिण्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मुले मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि 'ळ' कोठे गेला, 'ण' कोठे गेला याचा पत्ता राहत नाही. फोनवर मराठी कळफलक बसविण्यास पाच मिनिटे लागतात. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला अशी मांडणी असल्यामुळे ज्याला बाराखडी येते त्याला तो लवकर साधतो. बोललेले आपोआप लिहून देण्याची सोयही मराठीत आहे. मात्र यंत्राने लिहिलेले न वाचता पाठविले की अनर्थ होतो, आणि मुलांना तो अनर्थ वर्गात वाचून दाखविला तर शुद्धलेखनाचा एक तास हसतखेळत पार पडतो. ज्याला लिहिणे जड जाते, त्याने आधी आवाजी संदेश पाठविला तरी चालेल. तो घरच्या बोलीत असला तरी त्यास हसू नये. प्रश्न बोलीतून आला तरी तो प्रश्नच आहे.

यापुढील भाग अधिक जबाबदारीचा आहे. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येक सभासदाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो. वर्गातील गटात मुलीच्या आईचा क्रमांक असतो, आणि तो चाळीस घरांत जातो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाच्या संमतीची अट घातली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी गुणपत्रकाचे छायाचित्र गटावर टाकणे, अमक्याची फी राहिली असे लिहिणे, रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ 'गंमत' म्हणून पाठविणे, हे कोणत्याही शिक्षकाने करू नये. एकदा पाठविलेले व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी पुसता येते; तथापि त्याला सुमारे अडीच दिवसांची मर्यादा आहे, आणि तोवर कोणी ते साठवून पुढे धाडले असेल तर पुसण्याचा काही उपयोग नाही. मुलांनी तीन गोष्टी पाठ कराव्यात : ओटीपीचा आकडा कोणास सांगू नये, अनोळखी माणसाने छायाचित्र मागितल्यास घरी किंवा बाईंना सांगावे, आणि सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. तिसरी गोष्ट खरी ठरविणे मोठ्यांच्या हाती आहे. फोन जाईल या भीतीने मुली गप्प बसतात आणि त्रास देणाऱ्याचे फावते. १०९८ हा बालकांच्या मदतीचा आणि १९३० हा ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

दृक्श्राव्य भेटीचे महत्त्व खेड्यातील शाळेला विशेष आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी दहा लक्ष डॉलरच्या रकमेपैकी निम्मी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, हे सर्वश्रुत आहे. स्काइपच्या द्वारा दूरदूरच्या वर्गांना सहली घडविण्याचे त्यांचे काम त्यामानाने कमी ठाऊक आहे. ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. यावरून साधन शिकविताना बटने पाठ करून घेण्यात अर्थ नाही हे दिसते. झूम काय, गूगल मीट काय, बटने बदलत राहणार. दुसऱ्याचे बोलणे चालू असता आपला आवाज बंद ठेवणे, बोलण्यापूर्वी नाव सांगणे, विचारावयाचे प्रश्न आधी वहीत लिहून आणणे, ही रीत बदलत नाही. पाऊस पडून जाळे मंदावले तर चित्र बंद करून केवळ आवाज चालू ठेवावा, भेट निभावते. शेजारच्या तालुक्यातील शाळेशी महिन्यातून एकदा अर्धा तास अशी भेट ठरविली, आणि प्रत्येक मुलाने एकच प्रश्न तयार करून आणला, तरी आरंभाला पुष्कळ आहे. 'तुमच्याकडे कोणते पीक?' येथून सुरुवात होते आणि 'तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते?' येथपर्यंत मुले आपणहून पोचतात.

राहिला प्रश्न ज्यांच्या घरी फोन नाही, किंवा आहे तो वडिलांच्या खिशात असून रात्री आठला घरी येतो, त्या मुलांचा. बहुधा मुलींचाच. भावाला फोन मिळतो आणि बहिणीला तो झाल्यावर, जेवणाची भांडी घासून झाल्यावर मिळतो. अशा मुलीचे नाव गटात आहे म्हणून ती गटात आहे असे समजू नये. ज्याचे उत्तर न मिळाल्यास नुकसान होईल असे काहीही केवळ गटावर सांगू नये. ते दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी तोंडीही सांगावे व फळ्यावर लिहावे. गृहपाठाला सायंकाळची नव्हे, दुसऱ्या दिवसाच्या दुपारची मुदत द्यावी. शाळेचा एक फोन किंवा टॅब असेल तर मधल्या सुट्टीनंतरचा अर्धा तास त्याचा वापर प्रथम या मुलींना मिळावा. कोणाची पाळी कोणत्या वारी, याचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवावा. त्या फोनवरून प्रश्न पाठविताना मुलीने स्वतः कळा दाबाव्यात, शिक्षकाने तिच्या हातून फोन घेऊन 'आण, मी लिहितो' म्हणू नये. एका ओळीला दहा मिनिटे लागली तरी लागू द्यावीत.