सीमाशुल्काचा दर आणि गावचा कांदा

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



सीमाशुल्क हा विषय बंदरातील गोदामांचा, व्यापारी पेढ्यांचा आणि फार तर मुंबईतील वकिलांचा आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. नाशिक जिल्ह्यात तरी ही समजूत टिकण्यासारखी नाही. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील बाजार आवारात सकाळी पुकारला जाणारा भाव, आदल्या दिवशी दिल्लीत निघालेल्या एका पानाच्या अधिसूचनेने बदलू शकतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा ही अधिसूचना कोण काढतो, कोणत्या अधिकाराने काढतो आणि ती कोणत्या क्षणापासून लागू होते, या तीन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

प्रथम अधिकाराचा प्रश्न. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २६५ सांगतो. सातव्या अनुसूचीतील संघसूचीत परदेशांशी होणारा व्यापार ४१ व्या नोंदीत आणि निर्यात शुल्कासह सीमाशुल्क ८३ व्या नोंदीत आहे. म्हणजे हा विषय सर्वस्वी केंद्राचा होय. राज्य शासन त्याबाबत विनंती करू शकते, ग्रामसभा ठराव करू शकते. परंतु दर ठरविण्याचा अधिकार त्यांना नाही.

केंद्राचा हा अधिकार दोन दारांनी बाहेर येतो. पहिले दार वित्त मंत्रालयाचे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ आणि सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ हे त्याचे आधार. दर अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आयातीचे व दुसऱ्या अनुसूचीत निर्यातीचे दर असतात. संसदेने दर ठरवावेत हा मूळ नियम; तथापि तातडीच्या प्रसंगी निर्यात शुल्क बसविण्याचा वा वाढविण्याचा अधिकार दर अधिनियमाच्या कलम ८ ने, आणि लोकहितार्थ शुल्कात सूट देण्याचा अधिकार १९६२ च्या अधिनियमाच्या कलम २५ ने केंद्र सरकारला दिला आहे. दुसरे दार वाणिज्य मंत्रालयाचे. विदेश व्यापार (विकास व नियमन) अधिनियम, १९९२ अन्वये निर्यातीवर बंदी घालणे किंवा किमान निर्यात मूल्य ठरविणे हे काम तेथून होते आणि त्याच्या अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय काढते. शुल्क म्हणजे माल नेता येतो, पण पैसे भरून. बंदी म्हणजे पैसे भरूनही नेता येत नाही. हा भेद न कळल्यामुळे गावोगावी बराच गोंधळ होतो.

आता कांद्याचेच उदाहरण घेऊ. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसविण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. त्यानंतर केंद्राने आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपये दराने खरेदी करण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरविण्यात आले. ८ डिसेंबर २०२३ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यातबंदी आली व मार्चमध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढविण्यात आली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, परंतु ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क या दोन अटी राहिल्या. म्हणजे ५५० वर २२० डॉलर मिळून टनाला किमान ७७० डॉलर मिळाल्याखेरीज माल परदेशी जाणे शक्य नव्हते. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्याची अट रद्द झाली व शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून हे शुल्कही काढून टाकण्यात आले. वीस महिन्यांहून कमी काळात इतके बदल झाले.

यामागे शहरातील ग्राहकाला कांदा परवडावा हा हेतू होता आणि तो हेतू गैर म्हणता येणार नाही. गरिबाच्या भाकरीबरोबरचा कांदा महागला तर शासनाने स्वस्थ बसावे, असे कोण म्हणेल? परंतु शुल्काचा भार शेवटी कोणावर पडतो हेही पाहिले पाहिजे. कोलंबोच्या किंवा दुबईच्या खरेदीदारास पाकिस्तानचा कांदाही मिळू शकतो. तो चाळीस टक्के जास्त देत नाही. निर्यातदार आपला खर्च वजा करून बाजार आवारात बोली लावतो. अशा रीतीने बंदरावर भरलेले शुल्क भावाच्या रूपाने शेतकऱ्याकडून वसूल होते. त्यात पिकाचा स्वभाव वेगळा. ऑगस्टमध्ये बाजारात येणारा उन्हाळ कांदा चाळीत ठेवता येतो, जरी तो दिवसेंदिवस वजनाने घटतो. डिसेंबरमध्ये येणारा लाल कांदा मात्र टिकत नाही. सबब डिसेंबर २०२३ च्या बंदीच्या वेळी ज्यांचा लाल कांदा काढणीला आला होता, त्यांना थांबण्याचा पर्यायच नव्हता.

आता तिसरा प्रश्न: दर कोणत्या क्षणाचा? निर्यातदार ज्या दिवशी सौदा करतो, त्या दिवशीचा दर त्याला लागत नाही. शिपिंग बिल सादर केल्याच्या दिवसाचाही लागत नाही. कलम १६ प्रमाणे, योग्य अधिकारी माल जहाजावर चढविण्याची परवानगी देणारा आदेश ज्या दिवशी काढतो, त्या दिवशीचा दर लागतो. समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीने टनाला ५०० डॉलर दराने २५ टन कांद्याचा सौदा केला. सौदा झाला साडेबारा हजार डॉलरचा. कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर असताना ४० टक्के शुल्क आले, तर पाच हजार डॉलर अधिक भरावे लागतील. सौद्यातील नफा तर जाईलच, मुद्दलातही खोट येईल.

आयातीसाठी कलम १५ आहे. तेथे साधारणतः बिल ऑफ एंट्री सादर केल्याच्या दिवसाचा दर लागतो. ते जहाज येण्यापूर्वी सादर केले असल्यास जहाजाच्या आगमनाची नोंद होते तो दिवस धरतात. या कलमावरून सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२० रोजी दिलेला निर्णय प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुलवामा येथील हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क बसविण्यात आले. ही अधिसूचना ई-राजपत्रात रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी प्रसिद्ध झाली. अटारी येथे मात्र काही आयातदारांनी त्याच दिवशी, तत्पूर्वीच आपली कागदपत्रे सादर केली होती. दिवस तोच असल्याने वाढीव दर द्यावा, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. राजपत्र इलेक्ट्रॉनिक झाल्यावर प्रसिद्धीची वेळही महत्त्वाची ठरते आणि त्या वेळेपूर्वीच्या व्यवहाराला नवा दर लावता येत नाही, असा निर्वाळा दिला. शत्रुत्वाच्या प्रसंगीही नियम हा नियमच राहतो, हे या निर्णयाचे मर्म आहे.

आयात शुल्काचा प्रश्न मराठवाडा व विदर्भालाही तितकाच जवळचा आहे. ज्या १३ सप्टेंबर २०२४ रोजी कांद्यावरील शुल्क घटले, त्याच दिवशी कच्च्या सोयाबीन, पाम व सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले. ३० मे २०२५ रोजी ते १० टक्क्यांवर आणले गेले. पहिल्या निर्णयाने सोयाबीन उत्पादकाला आधार मिळावा ही अपेक्षा होती. दुसऱ्याने गृहिणीला दिलासा मिळावा ही. एकाच दराच्या तराजूत दोघांचे हित तोलावे लागते.

मग आपण काय करावे? शेतकरी कंपन्यांच्या संचालकांनी सौदा करतानाच, शुल्क बदलल्यास भार कोणी सोसावयाचा हे करारात लिहून घ्यावे. शिपिंग बिल, माल बंदरात पोचल्याची नोंद आणि भरणापरवानगी यांच्या तारखा व वेळा जपून ठेवाव्यात. जादा शुल्क आकारले गेले असे वाटल्यास कलम १२८ खाली आयुक्तांकडे (अपील) दाद मागण्यास आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. ती हातची जाऊ देऊ नये. पंचायत सदस्यांनी व कृषी अधिकाऱ्यांनी अधिसूचनेचा क्रमांक, अंमलाची तारीख व मुदत फलकावर लावावी, म्हणजे अफवेवर माल विकला जाणार नाही. शिक्षकांनी शेकडेवारीची उदाहरणे घालताना ४० टक्के शुल्काचे हे गणितही मुलांपुढे ठेवावे.

शासनाकडेही एक मागणी नम्रपणे करावीशी वाटते. दर बदलण्याचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु वाटेवर असलेल्या मालाला जुना नियम लावण्याची तजवीज प्रत्येक वेळी असावी. डिसेंबर २०२३ च्या बंदीत, जहाजावर चढविणे सुरू झालेला आणि आधीच सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात दिलेला माल वगळला होता. हे तत्त्व शुल्काच्या बाबतीतही नेहमीचे व्हावे. आयातदार व निर्यातदार धोका ओळखूनच धंदा करतो; पण सहा महिने राबून पीक काढणाऱ्या शेतकऱ्याला त्याची पूर्वसूचना मिळणे हे न्यायाचे आहे. ग्रामसभांनी याबाबत आकड्यांनिशी ठराव करून ते योग्य मार्गाने पाठविल्यास त्यांचे वजन निश्चितच पडेल.