गोळी काय करते, काय करत नाही

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आपल्याकडे येणाऱ्या बाईला विचारलं, की झोपेची गोळी कशासाठी घेता, तर ती म्हणते, 'टेन्शनसाठी.' किती वर्षं घेता, म्हटलं की बोटं मोजू लागते. म्हणून ही गोळी मेंदूत काय करते, ते आधी समजून घेऊ.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. 'थांब, शांत हो' असं सांगणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. डायझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात. धडधड कमी होते, झोप लागते. या जातीची पहिली गोळी, लिब्रियम, १९६० साली अमेरिकेत विक्रीला आली. १९६३ साली व्हॅलियम आली. डॉक्टरांसाठीच्या जाहिरातींत तेव्हा वारंवार त्रासलेली गृहिणी दाखवली जाई. तिला त्रास कशाचा, हा प्रश्न मात्र बाजूलाच राही.

नवऱ्याचा मार, डोक्यावरचं कर्ज यांवर गाबा काय करणार? शिवाय काही आठवड्यांत मेंदूला गोळीची सवय होते. एकाएकी सोडली तर घबराट वाढते, झोप उडते, कधी फिटही येते. म्हणून कुणालाही 'फेकून दे' म्हणू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करायची असते.

उतारवयात यातल्या बऱ्याच गोळ्या शरीरात जास्त काळ राहतात. तोल जातो, विसर पडतो, आणि घरचे म्हणतात, 'म्हातारीला भ्रम झाला.' खऱ्या अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलीन हे स्मरणाशी निगडित रसायन कमी पडतं. डोनेपेझिल ही गोळी ते रसायन तोडणाऱ्या एन्झाइमला अडवते. त्याने काहींना थोडा काळ फरक पडतो, पण आजार थांबत नाही. उलट सर्दी-ॲलर्जीच्या आणि लघवीच्या काही गोळ्या याच रसायनाचं काम अडवतात. म्हणजे एका डॉक्टरचं औषध दुसऱ्याच्या औषधावर पाणी फिरवतं, आणि सासूची उस्तवार करणाऱ्या सुनेला याचा पत्ताही नसतो.

तेव्हा वस्तीतल्या बैठकीत एवढं करा. घरातल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि ते कधी सुरू झालं, हे एका वहीत लिहायला लावा. ती वही प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवायची आणि विचारायचं: हे कशासाठी? किती दिवस? कमी कसं करायचं? डॉक्टर वैतागले तरी उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही. एकटीला धीर होत नसेल, तर आपल्यापैकी एकीने सोबत जावं.