शू मास्तरांचा आखाडा



आज ज्यांची आठवण काढायची आहे ते गृहस्थ चिनी होते. पोटापाण्यासाठी त्यांनी भाषा शिकवल्या आणि फ्रेंच साहित्यावर जन्मभर प्रेम केलं. हे प्रेम मात्र भाविकाचं नव्हतं, पैलवानाचं होतं. समोरच्याचा मान ठेवायचा, सलामी द्यायची आणि मग त्यालाच चीत करायला बघायचं! नाव शू युआनचोंग. पेइचिंग विद्यापीठातून ते सत्तरीच्या सुमारास निवृत्त झाले, आणि ज्या पुस्तकावरून सर्वांत मोठं भांडण झालं ते पुस्तक त्यानंतरचं आहे.

त्यांचा जन्म १९२१ सालचा, नानचांगचा. नात्यातले एक काका लंडनला जाऊन नाटककार झाले होते. त्या काकांचं ‘लेडी प्रेशस स्ट्रीम’ हे इंग्रजी नाटक १९३४ साली तिथल्या रंगभूमीवर आलं आणि धो धो चाललं. परक्या भाषेवर माणूस नाव कमावू शकतो, हे शूंना शाळकरी वयातच घरबसल्या कळलं. पुढे जपानी आक्रमणामुळे पेइचिंग, चिंगहुआ आणि नानकाई ही तीन विद्यापीठं दूर नैर्ऋत्येला कुनमिंगमध्ये एकत्र आली. शू तिथे १९३८ साली दाखल झाले. इंग्रजीच्या वर्गात पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळवणारे यांग चेन-निंग त्यांच्याबरोबर होते. याच काळात एका वर्गमैत्रिणीवर छाप पाडण्यासाठी शूंनी लिन हुइयिन या कवयित्रीची कविता इंग्रजीत आणली आणि तिला पाठवली. काही उपयोग झाला नाही. तिचं मन आधीच दुसरीकडे गुंतलेलं होतं. उत्तर आलं ते पन्नासएक वर्षांनी.

मधल्या युद्धकाळात चीनच्या मदतीला आलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकन वैमानिकांसाठी त्यांनी दुभाष्याचं काम केलं. १९४८ साली ते पॅरिसला गेले. युद्ध संपून तीन वर्षं झाली होती, खायची-प्यायची ओढाताण अजून होती, पण पॅरिसमध्ये तेव्हा शिकणारे आणि चित्रं रंगवणारे तरुण चिनी बरेच होते. १९५० च्या आसपास त्यांतले अनेकजण नव्या चीनच्या ओढीने मायदेशी परतले. शूही परतले.

पुढची तीन दशकं त्यांनी मुख्यतः लष्कराच्या परकीय भाषा संस्थेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकवण्यात घालवली. १९५८ साली त्यांनी केलेला रोमां रोलांच्या ‘कोला ब्रुन्यों’चा चिनी अनुवाद निघाला. त्यानंतर वीसएक वर्षं छापण्याच्या नावाने जवळजवळ शुकशुकाट. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना भर उन्हात सभेपुढे उभं करून दोषी ठरवायचे. हे महाशय तिथे उभ्या उभ्या मनात माओच्या कवितांचा यमकासह अनुवाद करत बसायचे. ते उघडकीला आलं. माओच्या विचारांचा विपर्यास केला म्हणून झाडाच्या फांदीने शंभर फटके बसले. बसताही येईना, तेव्हा पत्नी झाओ जुन यांनी मुलांच्या पोहण्याच्या रबरी चकतीत हवा भरून ती त्यांच्या खुर्चीवर ठेवली. त्यावर बसून अनुवाद चालूच राहिला. मार खाऊनही यमक न सोडणाऱ्या माणसाशी वाद घालायला जाणाऱ्यांनी हा प्रसंग आधी माहीत करून घ्यायला हवा होता.

कारण वाद झालाच, आणि तो फ्रेंच कादंबरीकार स्तांदालवरून झाला.

स्तांदालच्या ‘तांबडे आणि काळे’ या कादंबरीचा शूंचा चिनी अनुवाद १९९३ साली आला. त्यांचं म्हणणं असं की, अनुवादक हा मूळ लेखकाचा स्पर्धक असतो, आणि आपल्या भाषेचं उत्तमातलं उत्तम वापरून त्याने मुळाच्याही पुढे जावं. कादंबरीच्या शेवटी नायिका मरते. स्तांदालने ते अगदी साध्या शब्दांत सांगितलं आहे. शूंनी तिथे ‘लाल महालातील स्वप्न’ या अभिजात चिनी कादंबरीतला, विरहाच्या स्वर्गाकडे आत्मा गेल्याचं सांगणारा नटवा वाक्प्रयोग आणून बसवला. टीकाकार खवळले. १९९५ साली शांघायच्या एका वाङ्मयीन साप्ताहिकाने वाचकांचा कौल घेतला, तर बहुसंख्यांनी मुळाशी जवळीक ठेवणाऱ्या अनुवादाला पसंती दिली. शूंनी कौल मानला नाही. वाचक चुकले, असंच ते म्हणत राहिले!

माझं मत वाचकांच्या बाजूचं आहे. स्तांदाल हा मुद्दाम कोरडं लिहिणारा लेखक. दुसरी एक कादंबरी लिहिताना सूर बिघडू नये म्हणून आपण रोज सकाळी दिवाणी कायद्याची पानं वाचत होतो, असं त्याने बाल्झाकला कळवलं होतं. अशा माणसाला शालू नेसवायचा म्हणजे काय! पण शूंच्या चुकीतही एक ताठपणा आहे आणि तो मला आवडतो. फ्रेंच अभिजात साहित्यापुढे दबून जायचं त्यांना कधी सुचलंच नाही. फ्लोबेअरची ‘मादाम बोवारी’ त्यांनी चिनीत आणली, प्रूस्तच्या महाकादंबरीचा काही भाग केला. उलट दिशेने तांग आणि सोंग काळातल्या कविता यमक सांभाळून फ्रेंचमध्ये नेल्या. देणंघेणं बरोबरीचं ठेवलं.

२००७ साली त्यांना कर्करोग झाला. डॉक्टरांनी सात वर्षांची मुदत सांगितली. सातव्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, त्यांना आंतरराष्ट्रीय अनुवादक महासंघाचा ‘अरोरा बोरिआलिस’ पुरस्कार मिळाला. आशियातल्या अनुवादकाला तो पहिल्यांदाच मिळत होता. त्याच सुमारास त्यांनी समग्र शेक्सपिअर चिनीत आणायला घेतला होता. विद्यापीठाच्या जुन्या, साध्या घरात पहाटेपर्यंत काम चाले. सत्त्याण्णव्या वर्षी रात्री सायकलवरून चंद्र बघायला निघाले आणि पाय मोडून घेतला. १७ जून २०२१ रोजी, शंभरी पुरी करून दोन महिने झाल्यावर, ते गेले. शेक्सपिअर अर्धा राहिला.

आपल्याकडे अकरावी-बारावीला गुण चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेणारी मुलं पुष्कळ आहेत आणि त्यांना तळमळीने शिकवणारे शिक्षकही आहेत. निवृत्त झालेल्यांपैकी कोणी आज रेडिओ ऐकत असतील तर त्यांना एक विनंती. इंग्रजीची मध्यस्थी न घेता स्तांदालचं एक पान सरळ मराठीत करून बघा. शूंसारखं नटवा किंवा नका नटवू, पण करून बघा.