कासवाच्या रक्तातील कृमी



मेलेल्या कासवाच्या हृदयात कृमी दिसले, की मृत्यूचा दोष त्यांच्या माथी मारून आपण मोकळे होतो. आम्हांला हा निर्णय उतावीळपणाचा वाटतो.

हिरव्या समुद्रकासवाच्या हृदयात व मोठ्या रक्तवाहिन्यांत पानासारखे चपटे कृमी राहतात. माणसाला पीडणाऱ्या शिस्टोसोमांचे ते भाऊबंद. त्यांच्यामुळे धमन्यांचे अस्तर जाड होते, रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यांची अंडीही तितकीच उपद्रवी. ती रक्ताबरोबर वाहत फुप्फुस, प्लीहा, आतडे, मेंदू येथे अडकतात आणि शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधते. ऑस्ट्रेलियातील मोरेटन उपसागराच्या किनाऱ्याला लागलेल्या हिरव्या कासवांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत जवळजवळ सर्वांतच या कृमींच्या खुणा आढळल्या. जे बहुतेकांत असते, ते एकाच्या मृत्यूचे कारण कसे ठरवावे? मेंदूत गुठळी झाली आहे काय, फुप्फुस गाठींनी भरले आहे काय, हे पाहिले पाहिजे.

कासव श्वासासाठी पाण्यावर येते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकले तर गुदमरून मरते. कृमी मात्र हृदयात तसेच सापडतात. अशा वेळी कृमीला दोषी धरले, तर जाळे निर्दोष सुटते!