गुडघे वाकवा, पण कधी?

आज स्कीइंगबद्दल बोलायचंय, आणि त्यातही फक्त पायांबद्दल. वळण घेताना पाय कधी वाकवायचे, कधी लांब करायचे, एवढंच. गुलमर्ग किंवा औलीला बेसिक कोर्स झालाय, साधी वळणं जमतात, पण उतार जरा उभा झाला की मांड्या पेटतात, अशांसाठी हा एपिसोड आहे. म्हणजे पहिल्या वर्षीच्या माझ्यासाठी.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच सूचना पक्की बसली होती: गुडघे वाकव. भीती वाटली, वाकव. वेग वाढला, अजून वाकव. वाकता वाकता मी चक्क बसलेच. चौथ्या दिवशी दुपारी, बर्फ मऊ पडलेला, आणि त्याच बसलेल्या अवस्थेत तोल मागे गेला. खालच्या स्कीची आतली एज बर्फात रुतली आणि गुडघा आत पिळला गेला. लिगामेंट तुटलं नाही, नुसतं ताणलं. तरी सहा आठवडे ब्रेस. बाइंडिंग सुटलंच नाही. मला वाटायचं, बाइंडिंग आहे म्हणजे पाय सुरक्षित. पण ते मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला असतं. मागे बसून पडलात तर गुडघ्याच्या लिगामेंटची हमी ते देत नाही.

पुढच्या वर्षी गुलमर्गलाच परत गेले. तिथल्या प्रशिक्षकांनी माझी दोन वळणं पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, कुर्सी पे मत बैठो." मग सपाटीवर उभं करून नुसतं वाकायला लावलं. तेव्हा कळलं की मी गुडघे वाकवत होते, पण घोटे नाही. घोटा ताठ आणि गुडघा वाकलेला असेल तर कंबर टाचांच्या मागे जाते, आणि सगळं वजन मांड्या पेलतात. घोटा, गुडघा, कंबर हे तिन्ही सांधे एकत्र वाकले पाहिजेत. खूण सोपी आहे: नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली जाणवली पाहिजे. लोकलच्या पॅसेजमध्ये काही न धरता उभं राहायची सवय असेल ना, तर ही गोष्ट तुमच्या पायांना आधीच माहीत आहे.

आता खरा मुद्दा. घरी काट्याचा वजनकाटा असेल तर त्यावर उभे राहा. झटकन खाली वाका: काटा आधी उतरतो, थांबताना उसळतो. आता वाकलेल्या स्थितीतून झटकन उठा: काटा आधी चढतो आणि उठणं संपताना उतरतो. म्हणजे स्की हलकी करायचे दोन मार्ग आहेत, उठून किंवा वाकून. जुन्या लांब, सरळ स्की वळवायला उठून हलकं होणं फार उपयोगी पडायचं, आणि नवशिक्यांना ते आजही शिकवतात. त्यात चूक काही नाही. हळू वेगात, सौम्य उतारावर ते छान चालतं. पण वेगात उठलात की शरीर वर उडतं, स्की सैल पडते, आणि नेमकं वळणाच्या सुरुवातीलाच पकड जाते. कडक बर्फावर तर सरळ घसरगुंडी.

१९६०च्या दशकात फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे प्रशिक्षक जॉर्ज जूबेर यांनी शर्यतपटूंचं निरीक्षण करून वाकण्याच्या तंत्राला 'आव्हालमाँ' म्हटलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ गिळणं. पाय उंचवटा गिळतात, डोकं जागच्या जागी. मला हा शब्द भयंकर आवडतो.

प्रत्यक्षात ते असं होतं. समजा, डावीकडे वळताय. उजवा पाय बाहेरचा. तो लांब, पण लॉक नाही. डावा आतला, तो आखूड, कारण त्याच्याखाली उतार वर आलेला असतो. वळण संपत आलं की बाहेरच्या पायावर सगळ्यात जास्त दाब येतो, कारण वळणाचा जोर आणि उताराची ओढ दोन्ही एकाच बाजूला ढकलतात. इथे मी पाय रेटून उठायचे. त्याऐवजी तोच उजवा पाय सैल सोडायचा, ट्यूबमधली हवा काढल्यासारखा. आधार गेला की शरीर आपोआप स्कीवरून उताराकडे ओलांडतं. त्या क्षणी दोन्ही पाय वाकलेले, स्की सपाट, आणि तुम्ही सगळ्यात बुटके. मग डावा पाय लांब होऊ लागतो, वर नाही तर बाजूला. दणका द्यायचा नाही. बर्फाचा स्पर्श न सोडता तो हळूहळू लांबवायचा. स्कीची टोकं थेट खाली बघतात तिथपर्यंत तो पुरता लांब, आणि पुढे दाब वाढेल तसा पुन्हा वाकत यायचा.

ऐकायला सोपंय. अवघड काय, तर पाय सैल सोडणं, कारण त्याचा अर्थ शरीर दरीच्या बाजूला सोडून देणं. मेंदू ओरडतो, नको! माझे अख्खे दोन दिवस या एका क्षणात गेले. उपयोग झाला तो एका सरावाचा: सौम्य उतारावर तिरकं जात राहायचं आणि फक्त खालचा पाय सैल करायचा, दुसरं काही करायचं नाही. स्कीची टोकं स्वतःहून खाली वळतात. दहा-बारा वेळा तसं झाल्यावर मेंदू जरा गप्प बसतो. दुसरा सराव म्हणजे वळण चालू असताना आतल्या स्कीची शेपटी इंचभर उचलायची. उचलता आली नाही, तर वजन अजून आत किंवा मागे आहे. हे सराव सकाळीच करा. मांड्या थकल्या की शरीर पुन्हा खुर्ची शोधतं.

शेवटच्या दिवशी गंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर, कोंगडूरीला गेले. थोडं खाली येऊन थांबले आणि मागे वळून माझे माग पाहिले. पहिल्या तीन वळणांच्या रेषा बारीक होत्या. चौथ्याला भला रुंद फराटा. तिथे मी बसले होते.