दहावी राहिली, आता आयटीआय की कॉलेज?

(पन्हाळ्यावर दहावी-बारावीच्या निकालानंतर भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



ज्यांना चांगले मार्क पडले त्यांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागलेत. त्यांचं मनापासून अभिनंदन, पण त्यांच्यासाठी मी गड चढून आलेलो नाही. मागच्या दोन रांगांत मान खाली घालून बसलेली जी पोरं आहेत, ज्यांना अब्बांनी हाताला धरून आणलंय, त्यांच्याशी मला बोलायचंय. मी पण दहावीला गणित आणि इंग्रजीत राहिलो होतो. गणितात २१.

त्या रात्री आमच्या घरात फार आरडाओरडा झाला नाही. अब्बा एवढंच म्हणाले, "डोकं चालत नाही, तर हात चालव." दोन दिवसांनी चाचांच्या ओळखीनं मी एका लेथच्या वर्कशॉपमध्ये लागलो. अब्बांना मी दोष देत नाही. घरात खाणारी तोंडं सात आणि कमावणारा एक. पण त्या वाक्यात एक गैरसमज आहे आणि तो आपल्या समाजात घरोघरी आहे. डोकं न चालणाऱ्याला हातकाम द्यायचं, असं आपण धरून चाललोय.

चार वर्षं मी लेथ चालवला. उस्ताद चांगला होता, कान धरून शिकवायचा. चार वर्षांनी एका कंपनीत मुलाखतीला गेलो. सुपरवायझरनं माझ्यासमोर ड्रॉइंग ठेवलं. टेपर काढायचा होता. लेथवर टेपर काढताना किती अंशांत टूल फिरवायचं, त्याचं गणित असतं. मोठ्या व्यासातून छोटा व्यास वजा करायचा, लांबीच्या दुपटीनं भागायचं आणि येईल त्या टॅनचा कोन शोधायचा. आमच्या उस्तादाला ते नजरेनं जमायचं. थोडं काढायचं, बघायचं, परत काढायचं. मीही तेच शिकलो होतो. सुपरवायझर म्हणाला, "असं बघत बघत केलंस तर पहिले चार जॉब भंगारात जातील." टॅन म्हणजे त्रिकोणमिती. दहावीचं जे प्रकरण मी ऑप्शनला टाकलं होतं, तेच.

बाहेर येऊन रस्त्यावर बसलो आणि पहिल्यांदा कळलं, की ज्या गणिताला भिऊन मी लेथवर आलो होतो ते लेथवर माझी वाट बघत बसलं होतं.

आपली आडनावं बघा. शिकलगार, पिंजारी, अत्तार, बागवान, तांबोळी, मणेर, मोमीन. प्रत्येक आडनाव म्हणजे एकेक धंदा आहे. व्यवसाय शिक्षण, व्यवसाय शिक्षण म्हणून सरकार आता जे सांगतंय, ते आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतंच. बाप पोराला शिकवायचा. फक्त कागद मिळत नव्हता, आणि धंद्याबरोबर अक्षर मिळत नव्हतं. मग काय झालं? खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरणारा पिंजारी घ्या. कापूस पिंजायचं मशीन आलं, मग फोमची गादी आली. त्याच्या हातात कला होती, पण दुसऱ्या कामाकडे वळायला लागतं ते शिक्षण नव्हतं. कला कमी पडली म्हणून तो मागं राहिला नाही.

दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखतं बनवायचे, जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करायचे, हे आपण सगळे ऐकत आलोय. हातकाम हलकं नाही, याबद्दल आपल्यात वाद नाहीच. ते काम शिक्षेसारखं नापास पोराच्या गळ्यात मारायचं की नीट शिकवायचं, एवढाच प्रश्न आहे.

आता व्यवहाराचं बोलू. मार्कलिस्टवर हल्ली "नापास" असं लिहून येत नाही, शेरा वेगळा असतो. शेरा बदलला तरी घरातलं बोलणं बदलत नाही, ते सोडा. दहावीला एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा पावसाळ्याच्या सुरुवातीला होते, ती चुकवू नका. आपल्याच शाळेतून फॉर्म भरायचा, सुटलेल्या विषयांची सूट घ्यायची. शाळाच मधे सोडली असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे.

ज्याला खरंच हातकाम आवडतं त्यानं आयटीआयकडे जावं, आणि मला ते मनापासून वाटतं. वेल्डर एका वर्षाचा ट्रेड आहे, वायरमन दोन वर्षांचा. असे काही ट्रेड दहावी न सुटलेल्यांनाही मिळतात. पण फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, ज्यांना शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत मागणी आहे, त्यांना दहावी पास लागते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. म्हणजे पायऱ्या आहेत, वर जाणारी वाट आहे. फक्त पहिली पायरी ते दोन राहिलेले विषय आहेत. कॉलेजला जाणाऱ्यापेक्षा कारखान्यात जाणाऱ्याला दहावीचा कागद कमी लागतो, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

अजून एक कागद सांगतो, कारण इथल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात दुबई, सौदी आहे. दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआरमध्ये जातो. मग सौदी, अमिरात, कतार, कुवेत, ओमान असल्या देशांत कामाला जायचं तर सरकारी परवानगी काढावी लागते. तिथं एजंट मधे येतो आणि त्याचा दर सुरू होतो. दहावी पास झालात, किंवा मान्यताप्राप्त संस्थेतून दोन वर्षांचा डिप्लोमा केलात, तर ती अट सुटते. माझ्या ओळखीतल्या एकानं एजंटला जेवढे पैसे दिले, तेवढ्यात तीनदा दहावी झाली असती.

नापास होऊनही मोठे झाले अशांच्या यादीची भाषणं मला आवडत नाहीत. त्या यादीत न आलेल्यांचा हिशेब कोण ठेवतो? पण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगतो, कारण ते नीट सांगितलं जात नाही. किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नव्हते. चित्रकार होणं संपलं. पण त्यांनी शिकणं सोडलं नाही, यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढं तेच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, मग लोखंडी नांगर बनवले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना काढला. एक दार बंद झालं तेव्हा त्यांनी पाटी-पेन्सिल टाकली नाही, विषय बदलला. बारावी सायन्सला राहिलेल्यांनी हे जरूर बघावं. फिजिक्स जमत नसेल तर कॉमर्स, आर्ट्स, डिप्लोमा काहीही घ्या. "मी शिकणारा नाही" हे मात्र स्वतःला सांगू नका.

आता मुलींचं. मुलगा राहिला तर त्याला गॅरेज दाखवतात, मुलगी राहिली तर तिला स्थळ दाखवतात. इथं बसलेल्या अम्मी-अब्बांनी माझ्यावर रागवावं, मला चालेल. दोन विषयांसाठी पोरीचं लग्न ठरवू नका. कळंब्याच्या रस्त्यावर सरकारी आयटीआय आहे, आणि मुलींनी तिथं शिवणच शिकावं असं काही नाही. कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, ड्राफ्ट्समन आहे. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. लांब आहे, मला मान्य. पण लग्न करून पाठवताना आपण यापेक्षा लांब पाठवतो की.

गडावरच्या पोरांना वेगळं सांगायचंय. २०२५ च्या जुलैमध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला. माणसं वाढतील, कणसाच्या गाड्या वाढतील, झुणका-भाकरीचे स्टॉल वाढतील. सुट्टीत स्टॉलवर बसा, पैसे मिळवा, त्यात काही वाईट नाही. पण "थोडे दिवस" म्हणून गाडीवर बसलेली माझ्या वयाची माणसं तीन दरवाज्यापाशी अजून बसलेली दिसतात. गाईड व्हायचं असेल तर तोही धंदा आहे, त्याला इतिहास लागतो आणि इंग्रजी लागतं. परत तोच राहिलेला पेपर.

शेवटी पालकांना. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, आपल्या मुलांसाठी बोर्डिंग उभं केलं. "ही धंदेवाईक जमात आहे, यांना शाळा कशाला" असं ते म्हणाले नाहीत. पुढं १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. दंड बापाला होता, पोराला नव्हता, हे लक्षात घ्या. सच्चर समितीनं २००६ मध्ये लिहिलं, की देशातली ६ ते १४ वयाची चारातली एक मुस्लिम पोरं शाळेत गेलेलीच नाहीत किंवा मधेच सुटलीत. त्याला परिस्थिती कारण आहे, सरकार कारण आहे, त्यासाठी आपण भांडतोच, भांडत राहू. पण निकालाच्या रात्री घरात जे बोललं जातं, ते आपल्या हातात आहे.

माझं पुढं काय झालं ते राहिलंच. वर्कशॉप न सोडता फॉर्म भरला. उस्ताद संध्याकाळी सहाला सोडायचा. इंग्रजी पहिल्या खेपेला सुटलं. गणित परत राहिलं, ३१ पडले. पुढच्या खेपेला ४२. मग आयटीआय, टर्नर, तेही माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान पोरांबरोबर एका बाकावर. पहिले दोन महिने लाज वाटली, नंतर वाटेनाशी झाली.

बास. चहा येतोय. ज्यांनी मार्कलिस्ट आणलीय त्यांनी माझ्याकडे या, या कोपऱ्यातल्या टेबलावर. कुणाचे किती विषय राहिलेत ते बघून आज कोणता फॉर्म भरायचा ते ठरवू. ज्यांनी लाजून घरी ठेवलीय त्यांनी पळत जाऊन आणा, मी शेवटच्या एसटीपर्यंत आहे.